एका गाडीच्या जागेत एक घर

गाडी लावायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब चौकट पुरते. पण गाडी काही आकाशातून त्या चौकटीत उतरत नाही. आत यायला वाट लागते, वळायला जागा लागते, मागे घेताना शेजारच्या गाडीला घासू नये इतकी मोकळीक लागते. हे सगळं धरलं की उघड्या वाहनतळावर एका गाडीमागे 25 ते 30 चौरस मीटर जमीन जाते.

आता 100 गाड्यांचा एक वाहनतळ घेऊ. जमीन झाली साधारण 2,700 चौरस मीटर. त्यातली निम्मी झाडं, वाटा, सायकली आणि अंगणासाठी सोडून देऊ आणि उरलेल्या निम्म्यावर पाच मजले चढवू. जिने, लिफ्ट, भिंती, मधल्या मार्गिका यांत एक पंचमांश क्षेत्र गेलं असं धरलं, तरी राहण्याजोगी जागा 5,400 चौरस मीटर उरते. 60 चौरस मीटरचं एक घर म्हटलं तर 90 घरं होतात. थोडी लहान केली तर 100.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी दोनदा तपासला. गाडीमागे एक घर, तेही पाच मजल्यांत? कागदावर काहीही मावतं, म्हणून प्रत्यक्षातलं उदाहरण शोधलं. म्युनिकमध्ये डांटेबाड या सार्वजनिक जलतरण तलावाच्या वाहनतळावर 2016 मध्ये शहराच्या मालकीच्या गृहनिर्माण कंपनीने एक लांबलचक इमारत उभी केली. तळमजल्यावर नुसते काँक्रीटचे खांब, त्यांच्यामध्ये गाड्या पूर्वीसारख्याच लागतात. वर लाकडी बांधकामात बरोबर 100 घरं. गाड्यांच्या जागाही 100 च्या थोड्या वरच होत्या, त्यातल्या अगदी मोजक्या गेल्या. खालच्या पांढऱ्या पट्ट्या आणि वरच्या खिडक्या यांची गणती जवळपास सारखी. घरं बहुतेक एकेका खोलीची आहेत, भाडं कमी आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलने 2020 मध्ये हेच लहान प्रमाणावर केलं: चालू वाहनतळाच्या डोक्यावर 11 घरं.

त्यामुळे ‘शहरात घरं बांधायला जागा कुठे आहे?’ हा प्रश्न मी तरी निकालात काढला आहे. जागा आहे. ती शहराच्या ऐन मध्यात, सार्वजनिक मालकीची आणि सपाट आहे. तिथे वीज, पाणी, सांडपाण्याची सोय शेजारून गेलेली आहे, आणि कुणालाही घराबाहेर काढावं न लागता ती मिळू शकते. घरबांधणीत ही शेवटची गोष्ट किती दुर्मीळ असते हे पुनर्वसनाच्या भानगडी ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. तरीही सार्वजनिक वाहनतळावर घरं बांधायचा प्रस्ताव आला की गावात युद्ध पेटतं. विरोध करणारे सगळे स्वार्थी असतात आणि बाजूने बोलणारे सगळे गरिबांचे कैवारी, असं मला वाटत नाही. दोन्हीकडच्या काही गोष्टी मला पटतात. पण घरं बांधावीत या मताचा मी आहे, आणि कशी बांधू नयेत याबद्दलही माझं मत तितकंच पक्कं आहे.

विरोधाचा पहिला सूर असतो तो असा: ही जागा पहिल्यापासून पार्किंगची आहे. ‘पहिल्यापासून’ हा शब्द जरा तपासावा. अमेरिकेत हे उघडे वाहनतळ सर्वांत जास्त आहेत, म्हणून तिथलंच पाहू. तिथल्या शहरांचे मध्यभाग दाट वस्तीचे होते. खाली दुकान, वर बिऱ्हाडं. मोटारी वाढल्या, मंदीत जुन्या इमारतींचं भाडं वसूल होईना, तेव्हा मालकांनी त्या पाडल्या आणि मोकळ्या जागेत गाड्या लावून वरखर्च काढायला सुरुवात केली. बरे दिवस आले की पुन्हा बांधू, असा विचार. पुढे 1949 च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडायला केंद्राचा पैसा मिळू लागला आणि 1956 च्या कायद्याने महामार्ग थेट शहरांच्या पोटात शिरले. बऱ्याच ठिकाणी पाडापाडी झाली, पुढचं बांधकाम झालंच नाही. डांबर टाकून पट्टे मारले गेले, ते राहिले. तात्पुरती सोय तीन पिढ्या टिकली की तिला परंपरा म्हणतात.

पार्किंगच्या पहिल्या मीटरची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. 16 जुलै 1935 ला ओक्लाहोमा सिटीत तो बसला. तासाला पाच सेंट. दुकानांपुढच्या जागा सकाळीच भरून जायच्या आणि संध्याकाळपर्यंत हलायच्या नाहीत, कारण त्या अडवून बसलेल्या असायच्या बाजारपेठेतच काम करणाऱ्यांच्या गाड्या. गिऱ्हाइकाला जागा मिळेना. म्हणून व्यापाऱ्यांच्याच मंडळाने यावर उपाय शोधायला लावला आणि त्यातून मीटर आला. म्हणजे गाडी लावायला पैसे घेतले तर धंदा वाढतो, हे दुकानदारांना नव्वद वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आज त्याच दुकानदारांचे नातू मीटरच्या नावाने खडे फोडतात.

दुकानदारांची भीती खरी असते, तिची टिंगल करू नये. ज्याचं महिन्याचं भाडं, पगार आणि माल उधारीवर चालतो त्याला ‘दोन वर्षं समोर खोदकाम होईल, मग सगळं छान होईल’ असं सांगणं सोपं असतं, ऐकणं अवघड. पण भीती खरी असली तरी तिच्यामागचा अंदाज बहुधा चुकीचा निघतो. बर्लिनमधल्या दोन बाजाररस्त्यांवर संशोधकांनी दुकानदारांना विचारलं की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण गाडीने येतात. उत्तराची सरासरी निघाली सुमारे 22 टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं. खरा आकडा होता 7 टक्क्यांच्याही खाली. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिस्टलमध्ये त्याआधी असंच विचारलं होतं, तिथे दुकानदारांना 41 टक्के वाटत होते आणि निघाले 22. यात लबाडी नाही. गाडीने आलेलं गिऱ्हाईक ‘जागाच मिळत नाही हो’ म्हणत आत शिरतं, म्हणून ते लक्षात राहतं. चालत आलेलं गिऱ्हाईक आपल्या पायांबद्दल काही बोलत नाही.

शिवाय वरच्या 90 घरांत माणसं राहणार आहेत. त्यांना रोज काही ना काही लागणार. वाहनतळावरची गाडी तासाभराने निघून जाते. वर राहणारा माणूस रात्री नऊला दूध आणायला खाली उतरतो. मला तर वाटतं, दुकानदाराने पार्किंगपेक्षा बांधकामाच्या दोन वर्षांची काळजी करावी. धूळ, पत्रे, अडवलेला पदपथ, आवाज यांनी लहान दुकानं खरोखर बुडतात. त्यांना त्या काळापुरती भाड्यात किंवा करात सूट, वाट मोकळी ठेवण्याची लेखी हमी आणि काम लांबलं तर ठेकेदाराला दंड, या मागण्यांसाठी त्यांनी भांडावं. त्या भांडणात मी त्यांच्या बाजूने आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. विरोध वाढला की नगरसेवक हमखास एक तोड काढतात: घरं बांधू, पण पार्किंगची एकही जागा कमी होऊ देणार नाही. गेलेली प्रत्येक जागा त्याच इमारतीच्या पोटात किंवा शेजारी भरून देऊ. ऐकायला किती समंजस वाटतं! प्रकल्प मारायचा सगळ्यांत सभ्य मार्ग आहे हा.

कारण उघड्या जमिनीवरची चौकट म्हणजे डांबर आणि रंग. तीच चौकट इमारतीत नेली की तिला खांब, उतार, वायुवीजन, आग विझवण्याची यंत्रणा, दिवे, लिफ्ट हे सगळं लागतं, आणि अमेरिकेत एकेका जागेचा खर्च वीस-तीस हजार डॉलरच्या घरात जातो. जमिनीखाली नेली तर आणखी बराच जास्त. खांबांची ओळ गाड्यांच्या सोयीने ठरते, मग वरच्या खोल्यांचे आकार त्या ओळीने ठरतात. उतारासाठी तळमजल्याचा मोठा तुकडा जातो, म्हणजे रस्त्याकडेला दुकान काढायची जागाही गेली. जमीन फुकट मिळाल्याने जी बचत झाली ती गाड्यांच्या मजल्यांत जिरते. मग आकडे जुळत नाहीत, घरं कमी करा, भाडं वाढवा, पुन्हा आराखडा, पुन्हा सुनावणी. पाच वर्षांनी कुणीतरी म्हणतं, बघा, इथे घरं बांधणं परवडतच नाही.

डांटेबाडला गाड्या राहिल्या हे मीच वर सांगितलं, मग इथे विरोध का? कारण तिथे गाड्या होत्या तिथेच, जमिनीवर राहिल्या. उतार नाही, तळघर नाही. इमारतीने फक्त पाय उचलले. एवढ्यावर भागत असेल तर जरूर करावं, विशेषतः जिथे शेजारी रोज गर्दी खेचणारं ठिकाण आहे. त्यात तोटा एवढाच की चालणाऱ्याला रस्त्याकडेला दुकानाऐवजी गाड्यांची नाकं दिसत राहतात. भर बाजारात मला ते नको वाटेल. जागेला जागा भरून देणाऱ्या अटीतूनही प्रकल्प पार पडू शकतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॅलिफोर्नियात सान मातेओ शहराने मध्यभागातल्या स्वतःच्या दोन वाहनतळांपैकी एकावर 225 परवडणारी घरं आणि दुसऱ्यावर बहुमजली वाहनतळ अशी वाटणी केली. 2024 मध्ये तिथे लोक राहायला आले. इमारतीचं नाव ‘किकू क्रॉसिंग’. किकू म्हणजे जपानीत शेवंती, तिथल्या जुन्या जपानी वस्तीची ती आठवण. चांगलं काम झालं. तरी शेजारच्या त्या गाड्यांच्या इमारतीकडे पाहून मनात येतंच, की इथेही आणखी घरं मावली असती.

मग गेलेल्या जागांचं करायचं काय? आधी उरलेल्या जागा नीट वापरायच्या. बहुतेक शहरांत पार्किंग कमी नसतं, ते चुकीच्या ठिकाणी फुकट किंवा स्वस्त असतं. मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग, दोन गल्ल्या सोडून अर्धी रिकामी इमारत. डोनाल्ड शूप या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांनी अख्खं आयुष्य या एका विषयाला दिलं. 2025 मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: दर असा ठेवा की प्रत्येक रस्त्यावर सातांतली एखादी जागा कायम मोकळी मिळेल. गर्दीच्या जागी दर वाढवा, रिकाम्या जागी उतरवा, आणि आलेला पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर, दिव्यांवर खर्च करा म्हणजे लोकांना दिसेल. सान फ्रान्सिस्कोने 2011 पासून हा प्रयोग करून पाहिला, दर जागेनुसार आणि वेळेनुसार बदलत ठेवले. काही ठिकाणी दर चढले, पुष्कळ ठिकाणी उतरले, आणि जागा शोधत घिरट्या घालणं कमी झालं. दर नीट लावण्याआधी ‘आमच्याकडे पार्किंग अपुरं आहे’ असं जे शहर म्हणतं, त्याच्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. फुकट वाटलेली कुठलीही वस्तू अपुरीच पडते.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी दर, मग वर्षभर मोजणी, मग कुदळ. वाहनतळाला कुंपण घातलं आणि दर नंतर कधीतरी पाहू म्हटलं, तर पहिल्याच महिन्यात लोक चिडतील आणि त्यांचं चिडणं बरोबर असेल.

काही माणसांना गाडीशिवाय खरंच जमत नाही. चालता न येणारे, चाकाच्या खुर्चीवरचे, आजाऱ्याला घेऊन येणारे, अवजारांची पेटी घेऊन फिरणारा नळ दुरुस्त करणारा, पहाटे माल उतरवणारा टेम्पो. यांच्या जागा आराखड्यात सर्वांत आधी आणि दाराच्या सर्वांत जवळ आखाव्यात. आजच्या फुकट वाहनतळावर त्यांना त्या जागा मिळतात असंही नाही, तिथे जो पहिला आला त्याचं राज्य असतं. आणखी एक जण असतो ज्याचं नाव दोन्ही बाजू घेतात: रात्रपाळी करून दीड वाजता हॉटेलच्या मागच्या दारातून बाहेर पडणारा भांडीवाला. त्या वेळी बस नसते. पार्किंगवाले म्हणतात, याची गाडी कुठे लावायची? प्रश्न रास्त आहे. पण तो चाळीस किलोमीटरवर राहतो तरी का? शहरात त्याला परवडेल असं घर नाही म्हणून. त्याच्या गाडीसाठी राखलेल्या सत्तावीस चौरस मीटर जमिनीवर त्याचं घर उभं राहिलं तर तो पाच मिनिटांत चालत घरी पोचेल. सगळ्यांनाच तिथे घर मिळणार नाही हे उघड आहे. म्हणून काही जागा रात्रपाळीवाल्यांसाठी स्वस्तात ठेवाव्यात. पण त्याचं नाव पुढे करून त्याचंच घर अडवणं मला सहन होत नाही.

जिथे बस दिवसातून चारदा येते आणि चालत पोचण्याजोगं काहीच नाही अशा लहान गावात मी हा आग्रह इतक्या जोराने धरणार नाही. तिथे एका वाहनतळापासून सुरुवात करावी आणि थांबून पाहावं.

जमिनीच्या मालकीवर मात्र मी तडजोड करणार नाही. सार्वजनिक वाहनतळ विकू नये. विकला की पैसा एका वर्षाच्या अंदाजपत्रकात विरघळतो आणि शहराच्या मध्यातला तो तुकडा कायमचा जातो. शहराने जमीन स्वतःकडे ठेवून साठ, सत्तर, नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी, आणि घरभाडं किती राहील, कुणाला घर मिळेल, हे पट्ट्यातच लिहावं. सिंगापूरची सरकारी घरं 99 वर्षांच्या पट्ट्यावरच आहेत. सान फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट या रेल्वे संस्थेने आपल्या स्थानकांच्या वाहनतळांवर आणि मोकळ्या जागांवर 2040 पर्यंत 20,000 घरांचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

पण पट्टा म्हटला की शहाणपण आपोआप येतं असंही नाही. शिकागोने 2008 मध्ये आपले सुमारे 36,000 पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी एका खासगी कंपनीला देऊन टाकले. मिळाले सव्वा अब्ज डॉलरच्याही आत. ठराव काही दिवसांत घाईघाईने मंजूर झाला, आणि शहराच्याच महानिरीक्षकांनी पुढल्या वर्षी दाखवून दिलं की हा सौदा जवळपास एक अब्ज डॉलर कमी किमतीला झाला. आज तिथे सायकलमार्गासाठी मीटर काढायचा तर शहर त्या कंपनीला भरपाई देतं. आपलाच रस्ता, आणि त्यावर काही करायचं तर भाडेकरूची मनधरणी. तेव्हा पट्ट्याची मुदत वाचून झाली की त्यातल्या भरपाईच्या कलमाकडे दोनदा पाहावं.

उरतो लोकांच्या संमतीचा प्रश्न. कॅलिफोर्नियातल्याच मेन्लो पार्क शहराने मध्यभागातल्या आपल्या तीन वाहनतळांवर 345 परवडणारी घरं बांधायचं ठरवलं, तेव्हा व्यापारी आणि रहिवासी एकत्र आले, न्यायालयात गेले, मतदानाची मागणी केली. त्यांच्या म्हणण्यात एक वजनदार मुद्दा होता: या जागा घ्यायला आमच्या मिळकतींवर जादा आकारणी झाली होती. हे बऱ्याच शहरांत खरं आहे. त्याचा मान ठेवायला हवा, हिशेब काढून फरक द्यायचा असेल तर द्यावा. पण दोन पिढ्यांपूर्वी भरलेल्या आकारणीने जमिनीचा उपयोग सदासर्वकाळ गोठतो, असं मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्याच सान्ता क्रूझ शहरात 2022 च्या नोव्हेंबरमध्ये असाच विषय थेट मतपेटीत गेला. मध्यभागातला एक वाहनतळ, तिथे भरणारा शेतकरी बाजार, आणि त्या जागी ग्रंथालय व घरं बांधायची योजना. योजना रोखणारा प्रस्ताव मतदारांनी स्पष्ट बहुमताने फेटाळला. सभागृहातल्या सुनावणीला गेलात तर उलटंच चित्र दिसलं असतं. संध्याकाळी सहाच्या सुनावणीला तीन तास बसायला कोण येऊ शकतं, याचा विचार केला की ते समजतं. मतदानाला मी घाबरत नाही. सुनावणीच्या टाळ्यांवरून धोरण ठरवायला घाबरतो. दर महिन्याला नवं मतदानही नको. एकदा कौल मिळाला की काम करू द्यावं.

शेतकरी बाजाराचं काय, असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. वाहनतळ आठवड्यातून एक दिवस तंबूंनी भरतो, त्या दिवशी गाव तिथे भेटतं, तेवढा एकच दिवस ती जागा जागेसारखी वाटते. मला ते पटलं. फक्त मी म्हटलं, त्या एका दिवशी ती जागा चांगली वाटते कारण गाड्या नसतात. बाजार एखाद्या बंद केलेल्या रस्त्यावर भरेल, तिथे सावलीही जास्त असते. ती हसली, पण पटलं असं म्हणाली नाही.

पट्टा सत्तर वर्षांचा केला तर तो संपेल तेव्हा आज सुनावणीत भांडणारे आपण कुणीच नसू. इमारत जुनी झालेली असेल, जमीन पुन्हा शहराच्या हाती येईल, आणि त्या वेळचे लोक ठरवतील. त्यांना वाटलंच तर इमारत पाडून, डांबर टाकून, पुन्हा पांढरे पट्टे मारतील.